माह्या पोटातली तांब्याची तार

जुना आहो मी मित्रांनो, अन् जळकाही आहो. मले हातात घ्याल तं बोटं काळी होतीन, आधीच सांगून ठेवतो. मी एका मोटारसायकलीचा फ्यूजचा डबा. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. दुसऱ्या वस्तू आपली कहाणी सांगतात तवा रडतात. छत्री रडते, पाटी रडते, फाटकं पुस्तक रडते. मी रडणार नाही. मले राग आहे, अन् ज्याच्यावर आहे त्याचं नाव मी सरळ सांगतो. रजत. नागपूरले लागून वाडी म्हणून गाव हाय, तिथं अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामाले लागून त्याचं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्या नव्या करून देते. त्यानं माहं तोंड बांधलं, अन् मग साऱ्या नागपूरले सांगतलं का आग मीच लावली.

म्हणून बोलून राहिलो. नाही तं डबे बोलत नाहीत.

मी जपानात बनलो. अंग काळं, आत पितळेचे चिमटे, वर टक् करून बसणारं झाकण. चिमट्यात काचेची एक नळी बसते, तिलेच फ्यूज म्हणतात. नळीत केसासारखी बारीक पट्टी. गाडीची वीज त्या पट्टीतून जाते. कुठं वायर सोलली अन् लोखंडाले टेकली का वीज भान सोडून धावते, वायरी तापतात. तवा ती पट्टी सगळ्यांच्या आधी वितळते. टिक. वीज बंद. गाडी रस्त्यात उभी राहते, पण वाचते. नळी मरते म्हणून गाडी जगते, अन् गाडीवर बसलेला माणूस बी जगते. आमच्या खानदानात मरणं हेच काम. त्याचं आम्हाले वाईट वाटत नाही. मरू दिलं नाही तं वाटते.

माही गाडी सेल्फची होती. म्हणजे किक मारा नाही लागे, बटण दाबलं का चालू. बॅटरीपासून सेल्फच्या मोटरपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल जाते, तिचं माह्याशी काम नाही. पण हँडलवरच्या बटणाले जी बारीक वायर जाते ती माह्यातून जाते. बटणानं हाक मारली का मोटर उठते, अन् ती हाक माह्या पोटातून निघते. ही बारीक वायर ध्यानात ठेवा. सगळं रामायण तिच्यानंच झालं.

मुंबईच्या कस्टमच्या लिलावातून ही गाडी मधुकररावनं नागपूरले आणली. मधुकरराव गांधीबागेत कापडाचे दलाल. बाजारामागच्या गल्लीत घर. गल्लीत तवा बाकीच्या गाड्या किकवाल्या. लोकं सकाळी किक मारून मारून घामाघूम होत, अन् मधुकरराव पांढऱ्या पायजाम्यात येऊन नुसता अंगठा दाबत. खर्र, अन् गाडी चालू. शेजारचे म्हणत, "मधुभाऊ, तुमच्या गाडीची तं बेल वाजवली का दार उघडते!"

माही बी इज्जत होती मित्रांनो. कधी कधी मी उडे. म्हणजे माह्या पोटातली नळी उडे. बाकीचे लोकं फ्यूज उडला का फ्यूजले शिव्या देतात. मधुकरराव नवी नळी खिशात असून बी लगेच लावत नसत. टाकी उचलत, वायरीवरून बोट फिरवत, अन् बायको गोपिकाबाई बाजूले टॉर्च धरून उभी राहे.

"अवं, टॉर्च सरळ धर न."

"सरळच हाय. तुमची मुंडी मधात येऊन राहिली."

"फ्यूज उगाच मरत नाही गोपिका. कायतरी पाहून मेला तो. काय पाहिलं थे शोधू दे."

"मेलेल्याले काय विचारता? इकडं तर्री थंडी होऊन राहिली."

पण टॉर्च हलू देत नसे ती. मग कुठंतरी सोललेली वायर सापडे, मधुकरराव तिले टेप मारत, अन् मगच नवी नळी बसे. कोणी मेलं तं काहून मेलं हे विचारणारा माणूस मले भेटला होता. तुम्हाले बी असा एखादा भेटो.

मधुकरराव गेले. गाडी घराच्या बाजूले ताडपत्रीखाली उभी राहिली. उंदरांनी सीट खाल्ली, टायर बसले, माह्या पितळेवर हिरवी बुरशी चढली. त्याइचा पोरगा अश्विन तवा शाळेत होता. पुढं तो बुटीबोरीले कपड्याच्या कारखान्यात मशीनवर लागला. जाता-येता ताडपत्रीकडं पाहे, पण उचले नाही. गोपिकाबाई दसऱ्याले ताडपत्रीवरूनच हळद-कुंकू लावे अन् लगेच आत जाये. मी अंधारात पडून राहिलो. पण दुर्लक्षाचा मले राग नाही. दुर्लक्ष करणारा कमीत कमी हात तं लावत नाही.

अश्विननं गाडी नवी कराचं ठरवलं तवा मले आनंदच झाला. त्याले जुन्या गाड्यांच्या रविवारच्या फेरीत आईले मागं बसवून न्याचं होतं. गाडी टेम्पोत चढली अन् वाडीले रजतच्या वर्कशॉपमधी आली.

"सगळं नवं टाक भाऊ," अश्विन म्हणाला. "पण हा फ्यूजचा डबा बाबाचाच ठेवजो. याच्यावर बाबाचा हात हाय."

रजतनं मले उलटंपालटं करून पाहिलं. "नवा डबा टाकला असता तं बरं झालं असतं. पण तुही गाडी, तुहा बाप. राहू दे."

खोटं कायले बोलू, चमकवते तो मस्त. जंग काढला, क्रोम आरशासारखं केलं. सौरव म्हणून त्याचा पेंटर आहे, त्यानं टाकीवर असा काळा रंग मारला का माणूस त्यात भांग पाडन. रजतले कॅमेरा फार आवडते. नट कसला का व्हिडिओ, सीट बसवली का व्हिडिओ. अन् समोर त्यानं एक मोठा गोल हेडलाइट लावला, जो या गाडीचा नव्हताच. तो धरणाऱ्या जाड लोखंडी पट्टीमागं वायरींचा जुडगा कसातरी कोंबला. तिथंच, हँडलच्या मानेपाशी, बटणाची ती बारीक वायर पट्टी अन् लोखंडाच्या मधात आली. हँडल सरळ असलं का काही नाही. उजवीकडं घेतलं तरी काही नाही. डावीकडं घेतलं का पट्टी वायरीले चावे.

पहिल्यांदा चावली तवा मी माहं काम केलं. टिक.

रजतनं नवी नळी टाकली. चावी लावली, बटण दाबलं, गाडी सुरू. खुश. गाडी बाहेर काढाले हँडल डावीकडं घेतलं. टिक.

"च्यामायले, हा डबाच पनवती हाय!" रजतनं माह्यावर स्क्रूड्रायव्हर आपटला.

सौरव स्टुलावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा मळून राहिला होता. "भाऊ, डावीकडं घेतलं का उडून राहिला. मानेपाशी वायर दबत असन. टाकी काढून पाह्य न."

"टाकी काढली अन् रंगाले खरोचा आला तं तूच बोंबलशीन."

"बोंबलीन. पण पाह्य."

"अबे परवा फेरी हाय. त्याची माय तिकडं साडी काढून बसली असन. कोण पाहात बसन? डायरेक्ट मार."

मित्रांनो, हा शब्द तुम्ही बी घरी ऐकला असन. कुलरचं बटण गेलं, डायरेक्ट करा. पंपाचा स्टार्टर अडला, डायरेक्ट करा. डायरेक्ट म्हणजे मधातल्याले हटवून टाका. तो मधात काहून बसला होता, हे कोणी विचारत नाही. काम झालं न, बस. गाडीत मधातला म्हणजे मी.

कोपऱ्यात एका भंगार कुलरची वायर पडली होती. रजतनं ती दातानं सोलली, तिच्यातून तांब्याची तार ओढली अन् काचेच्या नळीभोवती या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळली. मग ती नळी माह्या चिमट्यात दाबली अन् झाकण लावलं. टक्.

बाहेरून मी डबा. आतून नुसती तार. आता वीज नळीतल्या पट्टीतून जायेच नाही, तारेतून सरळ पळे. माह्या पोटात एक नळी जिवंत होती, पण तिले मरता येत नव्हतं. दरवाजावर चौकीदार बसवाचा अन् त्याचे हातपाय बांधून तोंडात रुमाल घालाचा. आल्यागेल्याले वाटते, चौकीदार बसला आहे. हे चौकीदार नसण्यापेक्षा वाईट. रजतनं हँडल डावीकडं घेतलं. या वेळी हेडलाइटची पट्टी जराशीच टेकली, वायर गरम झाली, अन् मी काहीच करू शकलो नाही.

"पाह्य!" रजत म्हणाला. "झालं का नाई?"

सौरवनं खर्रा तोंडात टाकला अन् दुसरीकडं पाहिलं.

गाडी न्याले अश्विनसोबत गोपिकाबाई बी आली. खरंच नवी साडी नेसून आली होती. टाकीवर हात ठेवून उभी राहिली, डोळे भरले, पण लगेच पदरानं पुसले अन् कामाचं विचारलं.

"फ्यूज बरोबर हाय न गा? यांचा तं लय उडे."

"काकू, एकदम ए वन," रजत हसून म्हणाला. "तुमच्या गाडीचा फ्यूज आता जिंदगीत उडणार नाई. गॅरंटी."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं मित्रांनो. अन् बाई खुश झाली. फ्यूज उडणार नाही हे ऐकून माणसं खुश होतात. जो गप राहते त्याले आपल्याकडं चांगला म्हणतात.

अश्विन म्हणाला, "आई, तू ऑटोनं ये. मी पेट्रोल टाकून घरी येतो, मग सोबत निघू." हे मात्र बरं झालं. मागं ती बसली असती तं आज मी गोष्ट सांगत बसलो नसतो.

अमरावती रोडवर ट्रकांची रांग. अश्विन मस्त चालवून राहिला होता, पोट्ट्यासारखा गाणं म्हणून राहिला होता. पेट्रोल पंप आला. पंप डावीकडं होता.

त्यानं हँडल पूर्ण डावीकडं घेतलं अन् हेडलाइटच्या पट्टीनं वायरीले पुरा दात मारला.

बॅटरी जेवढी होती तेवढी त्या बारीक वायरीत धावली. मले सगळं दिसून राहिलं होतं. वायर लाल झाली. तिचं प्लास्टिक वितळलं, बाजूची पेटली, मग तिच्या बाजूची. जुडग्यात आग टाकीच्या खाली सरकाले लागली. मी माह्या नळीले म्हणून राहिलो, मर. मर न माय, मर. ती म्हणे, कशी मरू, माह्यातून तं काही जाऊनच नाही राहिलं. तार गरम होऊन नळीले भाजून राहिली होती, पण तार तुटेना.

टाकीच्या फटीतून धूर निघाला. पंपावरची माणसं ओरडली, "गाडी बाहेर घे! बाहेर घे बे!" अश्विननं चावी बंद केली, पण पेटलेल्या वायरीले चावीचं काय? समोर पेट्रोलच्या मशिना. पळून गेला असता तं कोणी नाव ठेवलं नसतं. त्यानं गाडी ढकलत मागं रस्त्यावर काढली अन् टाकीखाली उजवा हात घालून जळता जुडगा उपसून बाहेर खेचला. उघड्या हातानं. पंपवाल्यांनी रेतीच्या बादल्या ओतल्या तवा आग विझली. अश्विन रस्त्यावर बसला होता अन् हात दुसऱ्याचा असल्यासारखा पाहून राहिला होता.

हात वाचला. दोन बोटं वाकत नाहीत. मशीनवर धागा धरणारी हीच दोन बोटं होती.

आता खरी गोष्ट ऐका.

रजतनं गाडी वर्कशॉपमधी आणली, मले कापून काढलं. वायरींचं वितळलेलं प्लास्टिक माह्या झाकणावर डिंकासारखं बसलं होतं. त्यानं कॅमेरा लावला, मले हातात धरून वर केलं अन् म्हणाला, "मित्रांनो, हा पाहा. हा सडका जुना डबा. मी कस्टमरले सांगतलं होतं, बदलून टाक. नाई ऐकलं. हा डबा तापला अन् यानंच आग लावली."

मित्रांनो म्हणाला. माहा शब्द. अन् माह्याच विरोधात.

मग कॅमेरा बंद केला अन् आतली आपली तार काढून घ्याले माहं झाकण उघडाले पाहिलं. स्क्रूड्रायव्हर लावला, जोर मारला. मी दात दाबून धरले. तुम्ही म्हणाल, डिंक घट्ट होता. म्हणा. मले माहीत आहे मी काय केलं. माह्या पोटात त्याची तार होती अन् ती मी त्याच्या हाती द्याची नाही, हे मी ठरवलं होतं. स्क्रूड्रायव्हर घसरून त्याच्या हाताले लागला. त्यानं एक घाण शिवी दिली, मले उघडलं नाही ते दुसऱ्या कोणाले काय उघडन असं समजला, अन् दवाखान्यातून आलेल्या अश्विनच्या मांडीवर मले टाकलं.

"घे. बापाची निशाणी. सांगतलं होतं तुले, नवा टाक. आता ही गाडी बी ठेवून काय करतं? भंगारात माह्याकडंच सोड. रविवारी कागदावर सही करून दे, सुटला."

माणूस जाळला, दोष माह्यावर टाकला, अन् आता गाडीवर डोळा. त्या दिवशी मी ठरवलं, याले सोडाचं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे अश्विनले ते पटलं. घरी आला अन् मले कोपऱ्यात फेकलं.

"बाबाच्या डब्यानं माहा हात खाल्ला," तो म्हणाला. "रजत नको म्हणत होता. मीच लाड केले."

"बाबाले मधात आणू नको," गोपिकाबाई म्हणाली.

"काहून नाई आणू? बाबा असे, बाबा तसे, बाबाचा हात... पाह्य माहा हात! रविवारी देऊन टाकतो गाडी. घरात बाबाची एक बी वस्तू नाई पाहिजे मले."

गोपिकाबाई उठून सैपाकघरात गेली. भांडी आपटली फक्त. अश्विन त्या दिवसापासून बापाच्या फोटोकडं पाठ करून जेवाले बसे.

शनिवारी दुपारी ती केर काढत होती. झाडूले मी लागलो. तिनं मले उचललं, ओसरीत बसली, पदरानं पुसलं. झाकण उघडून पाहिलं, उघडेना. मग तिनं पानाच्या डब्यातून सुपारीचा अडकित्ता काढला, त्याचं पातं माह्या फटीत घातलं अन् हळूच म्हणाली, "तू तरी सांग रे. काय पाहिलं तू?"

या बाईपुढं मी दात उघडले. कट्.

नळी अख्खी होती. काच काळी, पण फुटली नव्हती, आतली पट्टी जशीच्या तशी. अन् तिच्याभोवती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांब्याची तार.

गोपिकाबाईनं ती उजेडात धरली. मग चिरक्या आवाजात ओरडली, "अश्विन! इकडं ये. आधी इकडं ये!"

अश्विन आला. त्यानं पाहिलं. मशीनवर काम करणारा पोरगा, त्याले सांगा लागलं नाही.

"फ्यूज उडालाच नाई," तो म्हणाला.

"उडू दिला नाई."

"म्हणजे बाबाचा डबा..."

"बाबाचा डबा नाई. बाबा नाई. अन् तू बी नाई."

तो भिंतीले टेकून खाली बसला. रडला का ते मी सांगणार नाही. मग ताडकन उठला अन् डाव्या हातात मोठा पाना घेतला. "याचे हातच तोडतो आता."

मले तं तेच पाहिजे होतं, खरं सांगतो. पण गोपिकाबाई दारात आडवी आली.

"ठेव थो पाना. तू मारशीन, अन् लोकं म्हणतीन बिचारा रजत. उद्या सगळे जुने गाडीवाले त्याच्याकडं जमून राहिले न? उद्या जाऊ. सही कराले बोलावलं हाय न त्यानं? जाऊ न मंग."

रविवारी रजतच्या वर्कशॉपसमोर गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्या त्यानंच चमकवलेल्या. मधात विश्वनाथ म्हणून एका जाड्या, हसऱ्या माणसाची लाल गाडी होती, त्याच दिवशी तयार झालेली. सगळे चहा पिऊन राहिले होते. माही जळकी गाडी कोपऱ्यात उभी होती.

"या काकू," रजत म्हणाला. "कागद तयार हाय."

"देऊ न सही," गोपिकाबाई म्हणाली. "आधी एक शंका हाय गा. या विश्वनाथभाऊच्या गाडीले फ्यूज हाय का?"

"हाय न. ए वन."

"जिंदगीत उडणार नाई?"

"गॅरंटी."

तिनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "अश्विनचे बाबा म्हणत, फ्यूज खरा का खोटा पाहाचा असन तं फ्यूजच्या पुढची वायर स्क्रूड्रायव्हरनं एकदा लोखंडाले टेकवाची. खरा असन तं टिक करून मरते, बाकी काही होत नाई. एका नळीचा खर्च. घे. टेकव."

रजत हसला. "काकू, नवीन गाडी हाय. पॉलिश खराब होईन."

"गाडी माही हाय," विश्वनाथ म्हणाला. "होऊ दे खराब. टेकव न रजत, पाहू आपण बी."

"भाऊ, बॅटरी नवीन हाय..."

"अरे पण फ्यूज हाय न?"

"हाय."

"मंग टेकव!"

चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. रजतनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. त्याचं टोक गाडीपासून हातभर दूर थांबलं अन् तिथंच थांबून राहिलं. मी गोपिकाबाईच्या पिशवीतून डोकं काढून पाहून राहिलो होतो. मनात म्हणून राहिलो होतो, टेकव. तुह्याच हातानं टेकव. तूच बनवलं न? माह्या पोराच्या बोटांनी जे पाहिलं, थे तुही बोटं बी पाहू दे.

तेवढ्यात सौरव पेंटर, जो लाल गाडीले टेकून उभा होता, चार हात मागं सरकला.

सगळ्यांनी ते पाहिलं.

"काहून बे सौरव?" विश्वनाथनं विचारलं. "तू काहून मागं गेला?"

सौरवनं मान खाली घातली. विश्वनाथचं हसू गेलं. तो गुडघ्यावर बसला, साइडचं कव्हर काढलं अन् स्वतःच्या हातानं फ्यूजचं झाकण उघडलं. टक्. नळीभोवतीची तार दोन बोटांत धरून वर केली.

"याच्यावर माही पोरगी बसून कॉलेजले जाणार होती," तो म्हणाला.

मग बाजूचा माणूस आपल्या गाडीपाशी बसला. टक्. मग त्याच्या बाजूचा. टक्. टक्. पूर्ण रांगेत झाकणं उघडत गेली. मित्रांनो, मी जपानातून आलो, गांधीबागेत बाजार ऐकला, ट्रकचे हॉर्न ऐकले. असा गोड आवाज मी कधी ऐकला नाही. काही डब्यांत नळ्या खऱ्या निघाल्या. बाकीच्यांत तार. माहे सगळे भाऊबंद तोंड बांधून बसलेले होते, अन् एका दुपारी सगळ्यांची तोंडं उघडली.

"घाई होती," रजत म्हणाला. "सगळेच करतात. पूर्ण वाडीत सगळे डायरेक्ट करतात, माह्याच मागं काहून लागले?"

विश्वनाथनं रजतचा हात धरला, सरळ केला अन् आपली तार त्याच्या तळव्यावर ठेवली. दुसऱ्यानं ठेवली. तिसऱ्यानं ठेवली. कोणी शिवी बी दिली नाही. मारलं असतं तं त्याले बरं वाटलं असतं, असं मले दिसून राहिलं होतं.

शेवटी अश्विन आला. त्यानं माह्या पोटातली काळी पडलेली तार उजव्या हातात घेतली, जाणूनबुजून त्याच हातात. दोन बोटं वाकेनात. तार निसटून मातीत पडली.

अश्विन हलला नाही. रजतकडं पाहात म्हणाला, "उचल."

रजत वाकला. मातीत हात फिरवत राहिला, तार बारीक होती, लवकर सापडेना. सगळे उभे होते. कोणी मदत केली नाही.

त्याच संध्याकाळी माही गाडी टेम्पोत चढून घरी आली. अश्विननं फोटोकडं तोंड करून जेवण केलं. रजतनं तो व्हिडिओ काढून टाकला म्हणतात. वाडीतले काही लोकं आता म्हणतात, जाऊ दे गा, पोटावर कायले पाय देता. त्याले माफ करून टाक.

मी माफ केलं नाही. अश्विनची बोटं वाकतीन तवा पाहू.

अन् मित्रांनो, तुम्हाले शेवटी एकच सांगणं. आम्हा डब्यांले पुसू नका, पूजू नका, शोकेसमधी ठेवू नका. आम्ही मेलो तं आम्हाले मरू द्या, अन् काहून मेलो ते शोधा. आज घरी जाल तं तुमच्या बाबाच्या, काकाच्या गाडीचं झाकण उघडून पाहा. मोठ्या माणसाले सोबत घेऊन पाहा. आत काचेची नळी दिसली तं झाकण लावून टाका. तांब्याची तार दिसली, तं ती फेकू नका. ज्यानं लावली, त्याच्या हातावर नेऊन ठेवा.